ब्रेस्ट कॅन्सरवरच्या हार्मोन थेरपीच्या ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी

"एक ट्रायल चालू आहे, तुम्ही बसताय त्यात, बघा विचार करून," असं म्हणत डॉक्टरांनी माझ्या हातात कागदांचा जाडजूड गठ्ठा दिला. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, मान हलवली आणि घरी आले. गठ्ठा टेबलावर आठ दिवस पडून. त्यानंतर काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही, थोडक्यात एवढंच की एका ट्रायलमधून (म्हणजे औषध पेशंटवर तपासून बघायच्या अभ्यासातून) मी स्क्रीनिंगलाच, म्हणजे आत घेण्याआधीच्या तपासणीतच, बाहेर पडले, दुसरीत दोन वर्षं गोळ्या घेतल्या, आणि या सगळ्यात जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर डोक्याचा ताप वाचला असता ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, ब्रेस्ट कॅन्सरची पेशंट आहे. औषधाबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. पाळी गेल्यावर होणारा त्रास कमी व्हावा म्हणून जी हार्मोन्स देतात त्यालाही लोक हार्मोन थेरपीच म्हणतात. ती वेगळी. ती शरीरात हार्मोन घालते, आपली, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरवरची थेरपी हार्मोन अडवते, म्हणजे बरोब्बर उलटं काम. हॅबिट्स नावाच्या ट्रायलमध्ये ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना ती भरपाईची हार्मोन्स देऊन पाहिली होती, तर कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं म्हणून २००३ मध्ये ती थांबवावी लागली. त्यामुळे ट्रायल शोधताना नुसतं हार्मोन थेरपी असं टाकलंत तर दोन्ही प्रकार एकत्र येतात, नीट वाचून बाजूला काढा.

१. आधी स्वतःचा रिपोर्ट वाचायला शिका

ट्रायलवाले तुम्हाला पहिल्या फोनवर जे विचारतात ते सगळं बायोप्सीच्या आणि ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये असतं. ईआर किती टक्के, पीआर किती टक्के, हर-टू काय, स्टेज काय. एवढं पाठ असू दे.

ईआर म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर आहेत का. पीआर म्हणजे तेच, फक्त प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचं. १ टक्का पेशींवर जरी सापडले तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणतो, पण १ ते १० टक्के असेल तर त्याला लो पॉझिटिव्ह म्हणतात आणि काही ट्रायल तिथेच नाही म्हणतात. म्हणून नुसतं "पॉझिटिव्ह आहे" सांगू नका, आकडा सांगा. हर-टूचं (हे पेशींवरचं एक प्रथिन) पण तसंच, ०, १+, २+, ३+ असं असतं, आणि २+ आलं असेल तर पुढे फिश नावाची टेस्ट करून नक्की काय ते ठरवतात. फिशचा रिपोर्ट बहुतेक वेळा वेगळ्या कागदावर असतो आणि नेमका तोच फाईलमधून गायब असतो!

आणखी एक गोष्ट, जी मला भोवली. पाळी गेली आहे की नाही. मला केमोनंतर वर्षभर पाळी आली नव्हती, मी फॉर्मवर बिनधास्त "पाळी गेली" लिहून मोकळी झाले. स्क्रीनिंगला रक्तात एस्ट्राडिऑल आणि एफएसएच ही हार्मोन्स तपासली तर अंडाशयं जागीच होती. केमोमुळे पाळी थांबते पण अंडाशयं बंद पडलीच असतील असं नाही, काही जणींची महिन्यांनी, काही जणींची वर्षांनी परत सुरू होतात. ती ट्रायल फक्त पाळी गेलेल्या बायकांसाठी होती. संपलं. आणि हे नुसतं कागदी नियमाचं प्रकरण नाही, अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या (यांना मिळून एआय म्हणतात) अंडाशयं चालू असताना एकट्या दिल्या तर काम करत नाहीत, त्यांच्याबरोबर अंडाशयं झोपवायचं इंजेक्शन लागतं किंवा अंडाशयं काढावी लागतात. टॅमॉक्सिफेनचं तसं नाही, ती इस्ट्रोजेन बनणं थांबवत नाही, पेशीवर त्याची जागा अडवून बसते, त्यामुळे पाळी चालू असो नाहीतर गेलेली, दोन्हीकडे चालते. आपण या दोनपैकी कुठल्या गटात, हे आधीच रक्त तपासून माहीत करून घ्या.

२. ट्रायल शोधायची कुठे

पहिली जागा म्हणजे तुमचे ऑन्कोलॉजिस्ट. पण ते त्यांच्या सेंटरला चालू असलेल्याच सांगतील, दुसरीकडची त्यांना माहीत असेलच असं नाही. म्हणून स्वतः पण बघा. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकेची रजिस्ट्री आहे पण तिथे जगभरच्या ट्रायल असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी नावाचं पोर्टल वेगवेगळ्या देशांच्या रजिस्ट्री एकत्र दाखवतं. प्रत्येक नोंदीला नंबर असतो, अमेरिकेच्या रजिस्ट्रीत एनसीटी आणि पुढे आठ आकडे. हा नंबर लिहून ठेवा, डॉक्टरांना ट्रायलचं लांबलचक नाव सांगण्यापेक्षा नंबर दिला की काम होतं.

बघताना तीनच गोष्टी बघा. स्टेटस "रिक्रूटिंग" आहे का, तुमच्या आवाक्यातलं सेंटर यादीत आहे का, आणि भरतीच्या अटी. अटींमध्ये वेळेची अट फार फसवी असते. ऑपरेशन होऊन किती महिने झाले, हार्मोनची गोळी सुरू करून किती महिने झाले, यावर ट्रायलचं दार आपल्यासाठी बंद होतं. "आधी केमो होऊ दे, मग बघू" करत बसलं तर काही दारं लागून गेलेली असतात. म्हणून विचारायची वेळ निदान झाल्याबरोबर, अगदी ऑपरेशनच्या आधी, कारण काही ट्रायलमध्ये गोळी ऑपरेशनच्या आधीच द्यायची असते.

पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, कमी होतो पण होतो, आणि त्यांच्यात तो बहुतेक वेळा हार्मोनवालाच (म्हणजे ईआर पॉझिटिव्ह) असतो. काही ट्रायल पुरुषांना घेतात, काही नाही. अटीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

३. फाईल तयार ठेवा

हे सगळं झेरॉक्स करून आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा:

- बायोप्सीचा आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, ईआर, पीआर, हर-टूच्या आकड्यांसकट
- फिशचा रिपोर्ट, केला असेल तर
- सगळे स्कॅन, आणि नुसता कागद नाही, सीडी पण
- केमो, रेडिएशनची समरी, तारखांसकट
- हार्मोनची गोळी कुठली, कुठल्या तारखेला सुरू, मध्ये बंद केली असेल तर कधी आणि का
- हाडांचा डेक्सा स्कॅन, झाला असेल तर
- ओंकोटाइपसारखी जीन टेस्ट किंवा बीआरसीएची (घराण्यातून येणाऱ्या जीनमधल्या दोषाची) टेस्ट झाली असेल तर तिचा रिपोर्ट
- आत्ता घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, काढे, चूर्णं, व्हिटॅमिन, सगळं धरून

शेवटच्या ओळीवर जरा थांबते. "ते काय औषध आहे का" म्हणून आपण काढे, चूर्णं लिहीत नाही. पण लिवर एका औषधाचं काय करते ते दुसऱ्या औषधाने बदलतं. टॅमॉक्सिफेनचं उदाहरण घ्या. ती गोळी शरीरात गेल्यावर लिवर तिचं एंडॉक्सिफेन करते आणि खरं काम ते करतं. डिप्रेशनवरच्या पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या नेमकं ते रूपांतर अडवतात. कुणी मुद्दाम लपवत नाही, पण मनाच्या गोळ्या चारचौघांत सांगायला नको वाटतं आणि मग फॉर्मवर राहून जातात. लिहा.

आणि गाठीचा ब्लॉक! काढलेल्या गाठीचे तुकडे पॅथॉलॉजीवाले मेणाच्या चौकोनी वडीत घालून जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. बऱ्याच ट्रायल तो मागतात, त्यांच्या लॅबमध्ये पुन्हा तपासायला. माझं ऑपरेशन जिथे झालं तिथे पहिल्यांदा "सापडत नाही" म्हणाले, मग "अर्ज करा" म्हणाले, अर्ज केला तर सही करणारे सुट्टीवर. तीन आठवडे गेले त्यात, आणि स्क्रीनिंगची मुदत होती चार आठवडे. ट्रायलचा नुसता विचार जरी चालू असला तरी ब्लॉक कुठे आहे आणि मिळवायचा कसा ते विचारून ठेवा. मिळाला की पोचपावतीवर ब्लॉकचा नंबर रिपोर्टमधल्या नंबराशी जुळतोय ना ते तिथल्या तिथे बघा.

४. ट्रायलचा प्रश्न एका वाक्यात सांगता आला पाहिजे

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ट्रायल म्हणजे कुणीतरी विचारलेला एक प्रश्न. तो प्रश्न काय आहे हे तुम्हाला घरच्यांना साध्या मराठीत एका वाक्यात सांगता येत नसेल तर सही करू नका.

काही जुन्या ट्रायलचे प्रश्न बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. अ‍ॅटलासचा प्रश्न होता, टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घ्यायची का दहा? जवळजवळ १३ हजार बायका, निकाल २०१२ च्या शेवटी, आणि उत्तर आलं की दहा वर्षं घेतल्याने जास्त फायदा होतो, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो. टेलरएक्सचा प्रश्न होता, जीन टेस्टचा स्कोअर मधला आला तर केमो खरंच लागते का, नुसती हार्मोनची गोळी पुरेल का? पॉझिटिव्ह नावाच्या ट्रायलचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो, की मूल हवं असेल तर दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग ती मध्येच थांबवली तर चालेल का? ५१६ बायका त्यात होत्या, निकाल २०२३ मध्ये आला, जवळपास साडेतीन वर्षांच्या पाहणीत तरी कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, पुढची पाहणी चालू आहे.

आता स्वतःला विचारा, हा प्रश्न माझा पण आहे का? माझ्या मैत्रिणीला एक चांगली ट्रायल मिळत होती, पण तिला लवकरात लवकर मूल हवं होतं आणि त्या ट्रायलमध्ये तीन वर्षं गरोदर राहायचं नाही अशी अट. ट्रायल उत्तमच होती पण प्रश्न तिचा नव्हता, तिने नाही सांगितलं आणि बरोबर केलं.

नवीन म्हणजे चांगलं, हे पण डोक्यातून काढा. अ‍ॅटॅक नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये तीन गट होते, एकाला टॅमॉक्सिफेन, एकाला अ‍ॅनास्ट्रोझोल, एकाला दोन्ही एकत्र. कुणालाही वाटेल दोन्हीवाला गट जिंकणार. प्रत्यक्षात दोन्ही घेणाऱ्यांना एकट्या टॅमॉक्सिफेनपेक्षा काही जास्त मिळालं नाही आणि तो गट पुढे बंद केला, एकटी अ‍ॅनास्ट्रोझोल सरस ठरली. हे आधीच माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?

५. चिठ्ठी आणि खोटी गोळी

रँडमायझेशन म्हणजे कुठला गट ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. डॉक्टरांना गळ घालून उपयोग नाही, त्यांच्या हातात नसतं. आणि डबल ब्लाइंड असेल तर तुम्हालाही माहीत नाही, त्यांनाही नाही. इमर्जन्सी आली तर कोण कुठल्या गटात याचा कोड फोडून बघता येतो, ती सोय असतेच.

प्लसिबोचं, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीचं, नाव काढलं की घरचे घाबरतात, "म्हणजे तुला नुसती साखरेची गोळी देऊन बघत बसणार?" बहुतेक ठिकाणी तसं नसतं. एखाद्या आजारावर चांगलं औषध असताना ते काढून घेऊन नुसतं प्लसिबो देणं एथिक्स कमिटी सहसा मान्यच करत नाही. नेहमीची हार्मोनची गोळी सगळ्यांनाच मिळते, तिच्याबरोबर एका गटाला नवीन औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी प्लसिबो. तरी गृहीत धरू नका, असं विचारा: "मी ट्रायलमध्ये नसते तर मला काय दिलं असतं, आणि ट्रायलच्या प्रत्येक गटात त्यातलं काय मिळणार आणि काय नाही मिळणार?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

माझी गंमत सांगते. दोन वर्षं मी अंगातून निघणाऱ्या वाफा, सकाळी उठल्यावर आखडलेली बोटं, सगळ्याचं खापर ट्रायलच्या गोळीवर फोडत होते. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागायचा. ट्रायल संपल्यावर कोड उघडला तर मी प्लसिबोच्या गटात. बोटं आखडत होती ती माझ्या नेहमीच्या लेट्रोझोलने.

६. संमतीपत्र कसं वाचायचं

एका बैठकीत वाचू नका. घरी घेऊन या, तो तुमचा हक्कच आहे, आणि कुणी "आत्ताच सही करा, जागा भरतायत" म्हटलं तर उठून या, खरंच. तुम्हाला कळणाऱ्या भाषेतली प्रत मागा. पेन्सिल घेऊन जे कळलं नाही तिथे खूण करत जा. माझ्या प्रतीवर इतक्या खुणा झाल्या होत्या की कोऑर्डिनेटर हसली, पण तिने एकेक करून सगळ्यांची उत्तरं दिली.

या गोष्टी त्यात सापडल्याच पाहिजेत, नसतील तर विचारा:

- फेज कुठली? फेज १ मध्ये मुख्यतः डोस आणि सुरक्षितता बघतात, फेज ३ मध्ये नेहमीच्या उपचाराशी तुलना असते. दोन्हीकडून ठेवायच्या अपेक्षा अगदी वेगळ्या.
- जास्तीच्या बायोप्सी आहेत का, किती, आणि सक्तीच्या का ऐच्छिक?
- किती फेऱ्या, किती रक्त, किती स्कॅन, प्रवासाचा खर्च कोण देणार?
- औषधामुळे काही अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोणाची जबाबदारी?
- औषध लागू पडलं तर ट्रायल संपल्यावर ते पुढे मिळत राहणार का?
- माझ्या गाठीचे, रक्ताचे नमुने पुढे कशासाठी वापरणार, कुठे पाठवणार?
- रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कुणाला?

शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका आणि मिळालेल्या नंबरवर दिवसाढवळ्या एकदा फोन लावून बघा लागतो का. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

७. स्क्रीनिंग, आणि इथला सगळ्यात धोकादायक सापळा

सही केली म्हणजे आत गेलात असं नाही. रक्त, ईसीजी, स्कॅन, सगळं अटीत बसलं तरच. ईसीजी कशाला असं मला वाटलेलं, पण रायबोसायक्लिबसारखी हार्मोनच्या गोळीबरोबर देतात ती काही औषधं हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर लांबवतात, म्हणून आधीचा ईसीजी लागतो. गरोदरपणाची टेस्ट करतात, आणि गर्भनिरोध विनाहार्मोनचाच चालतो, नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या इथे नाही.

सापळा असा. काही ट्रायलना आधीचं औषध बंद करून ठराविक दिवसांची मोकळी जागा लागते, त्याला वॉशआउट म्हणतात. हे कुठेतरी वाचून काही जणी अटीत बसावं म्हणून आपली टॅमॉक्सिफेन आपणच बंद करून टाकतात. अजिबात नको. कधी थांबवायची, थांबवायची तरी का, हे सही झाल्यावर ट्रायलचे डॉक्टर सांगतील. आणि ट्रायलमध्ये नाही बसलात तर मधले दिवस बिनऔषधाचे गेले ते गेलेच.

स्क्रीनिंगला नापास झाल्यावर मला फार वाईट वाटलं होतं, आपलंच काही चुकलं असं. तसं काही नसतं. कारण लेखी मागून घ्या, दुसऱ्या ट्रायलला तेच रिपोर्ट आणि तेच कारण उपयोगी पडतं. मला पडलं.

८. आत गेल्यावरचे दिवस

पहिल्या महिन्यात फेऱ्या जास्त, मग कमी होत जातात. फुलवेस्ट्रंटचं (हेही हार्मोन अडवणारं औषध) इंजेक्शन असेल तर ते ५०० मिलिग्रॅम म्हणजे दोन इंजेक्शनं असतात, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक, सावकाश द्यावी लागतात, पहिल्या दिवशी, पंधराव्या, एकोणतिसाव्या आणि मग महिन्याला. त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका, बसायचे वांधे होतात.

गोळ्या असतील तर डायरी मिळते. वेळच्या वेळी भरा, व्हिजिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने महिनाभराचं भरलेलं लगेच ओळखू येतं. रिकामी पाकिटं फेकायची नाहीत, ती परत न्यायची असतात. कोऑर्डिनेटर समोर बसून उरलेल्या गोळ्या मोजते, पाकिटं मोजते, डायरी बघते. एकदा माझ्या दोन गोळ्या बेसिनमध्ये पडून वाहून गेल्या होत्या, ओरडा बसेल म्हणून मी घाबरत सांगितलं, तर तिने शांतपणे लिहिलं "दोन गोळ्या सांडल्या" आणि पुढच्या ओळीवर गेली. चुकलेला डोस सांगितला तर ती नोंद होते. लपवला तर सगळ्यांचाच आकडा चुकतो.

त्रास झाला की लगेच सांगा, सांगितलं तर ट्रायलमधून काढतील या भीतीने गप्प बसू नका, डोस कमी करायची सोय बहुतेक ट्रायलमध्ये असते. काही गोष्टींना तर व्हिजिटची वाट बघायचीच नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, एकदम दम लागला, पाळी गेल्यानंतर रक्त गेलं, तर त्याच दिवशी फोन. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गाठी होऊ शकतात, गर्भाशयाच्या अस्तरावर पण परिणाम होतो. एआयने हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा.

दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दातांच्या, तरी ट्रायलचं कार्ड दाखवा. नवीन औषध सुरू करण्याआधी ट्रायलवाल्यांना विचारा.

९. मध्येच सोडायचं असेल तर

सोडता येतं. कधीही, कारण न सांगता, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. पण सोडायचे दोन प्रकार आहेत हे मला फार उशिरा कळलं. एक म्हणजे औषध बंद करायचं पण माहिती देत राहायचं, वर्षातून एखादा फोन, तब्येत कशी आहे वगैरे. दुसरं म्हणजे सगळंच बंद. औषध झेपत नसेल तर पहिला प्रकार मागा, कोऑर्डिनेटरला नुसतं "मला सोडायचंय" म्हणालात तर ती दुसऱ्याचा फॉर्म पुढे करू शकते.

कधी ट्रायलच आधी थांबते. एमए-१७ मध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन झाल्यावर लेट्रोझोल द्यायची का प्लसिबो, असा प्रश्न होता. २००३ मध्ये मधल्या तपासणीतच लेट्रोझोल इतकी सरस दिसली की कोड उघडले आणि प्लसिबोवाल्या बायकांना लेट्रोझोल देऊ केली. आकड्यांवर लक्ष ठेवणारी वेगळी कमिटी असते, ती हे ठरवते.

निकाल कळायला वेळ लागतो, आणि हार्मोनवाल्या कॅन्सरमध्ये तर फारच, कारण तो दहा-पंधरा वर्षांनी पण परत येऊ शकतो. अ‍ॅटलासमध्ये जास्तीच्या गोळ्यांचा मोठा फायदा दिसला तोच मुळी दहाव्या वर्षानंतर. तेव्हा फोन नंबर बदलला, घर बदललं, तर सेंटरला कळवा आणि घरातल्या एकाचा नंबर पण देऊन ठेवा. मला अजून वर्षातून एकदा फोन येतो, पाच मिनिटांत संपतो.